एकाच दिवशी हजार पडद्यांवर: बाळंतपणावरच्या एका माहितीपटाचं प्रकरण

२० सप्टेंबर २०१२ ला गुरुवार होता. सिनेमाच्या धंद्यातला माणूस नवा चित्रपट लावायला शुक्रवारची वाट बघतो. पण त्या गुरुवारी ‘फ्रीडम फॉर बर्थ’ नावाचा तासाभराचा माहितीपट जगातल्या पन्नासएक देशांत, हजाराहून जास्त ठिकाणी दाखवला गेला. मागे स्टुडिओ नव्हता, गावोगावी फिल्मचे डबे पोचवणारा वितरकही नव्हता. खेळ लावणारी मंडळी म्हणजे मिडवाइफ, डूला, बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग घेणाऱ्या बाया आणि आयांचे गट. मिडवाइफ म्हणजे बाळंतपण करण्याचं शिक्षण घेतलेली बाई. डूला म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाईच्या सोबत राहून तिला धीर देणारी, पण वैद्यकीय काम न करणारी सोबतीण.

चित्रपट मंडळाच्या कामात खुर्च्या मांडण्यापासून वक्त्याला स्टेशनवर सोडण्यापर्यंत सगळं करावं लागतं, त्यामुळे ‘एका दिवशी हजार खेळ’ हा आकडा ऐकला की माझ्यासारख्याला आधी अचंबा वाटतो आणि मग शंका येते. हे जमलं कसं? आणि जमलं म्हणजे नेमकं काय जमलं? या दोन प्रश्नांसाठी हे प्रकरण उलगडून बघण्यासारखं आहे. बाळंतपणावरचा चित्रपट गावात दाखवायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी घ्यावं असं यात बरंच आहे, टाळावं असंही.

आधी चित्रपट. टोनी हार्मन आणि अ‍ॅलेक्स वेकफोर्ड हे ब्रिटनमधलं चित्रपट करणारं जोडपं. त्यांच्या मुलीचा जन्म तातडीच्या सिझेरियननं झाला आणि त्या अनुभवानंतर दोघं बाळंतपण या विषयाकडे वळले. ‘वन वर्ल्ड बर्थ’ या नावाखाली त्यांनी डॉक्टर, मिडवाइफ, संशोधक, वकील अशा अनेकांच्या मुलाखती चित्रित केल्या. ‘फ्रीडम फॉर बर्थ’ या कामातूनच उभा राहिला. बाळंतपणावरचे बहुतेक माहितीपट शरीराबद्दल बोलतात: कळा, श्वास, पाण्यातलं बाळंतपण, बाळाला छातीशी घेणं. हा चित्रपट कायद्याबद्दल बोलतो. बाळ कुठे, कसं आणि कुणाच्या मदतीनं जन्माला यावं हे ठरवण्याचा हक्क कुणाचा, बाईचा की सरकारचा, एवढाच त्याचा प्रश्न आहे. मे २०१२ च्या अखेरीस नेदरलँड्समधल्या हेग शहरात बाळंतपणातल्या मानवी हक्कांवर एक परिषद भरली होती. हर्माइन हेज-क्लाइन या अमेरिकन वकीलबाईंनी ती घडवून आणली. चित्रपटाचा सूर त्या परिषदेच्या सुराशी जुळलेला आहे.

चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहेत हंगेरीच्या आग्नेश गेरेब. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या, आणि पुढे घरी होणाऱ्या बाळंतपणांना हजर राहणाऱ्या मिडवाइफ. सत्तरच्या दशकात सेगेड शहरातल्या रुग्णालयात त्यांनी बाळाच्या वडिलांना प्रसूतिकक्षात येऊ दिलं आणि त्यापायी कामावरून काही काळ दूर व्हावं लागलं. ५ ऑक्टोबर २०१० ला बुडापेस्टमध्ये त्यांच्याकडे तपासणीला आलेल्या एका बाईला तिथेच जोराच्या कळा सुरू झाल्या. बाळ झालं, श्वासाची अडचण दिसली, रुग्णवाहिका बोलावली. पाठोपाठ पोलीस आले. गेरेबना अटक झाली. हातात बेड्या आणि पायात साखळ्या घालून त्यांना न्यायालयात नेतानाची छायाचित्रं जगभर फिरली. डिसेंबरमध्ये तुरुंगातून सुटका झाली ती घरातल्या नजरकैदेसाठी, आणि ती नजरकैद तीन वर्षांहून जास्त चालली. म्हणजे ज्या दिवशी हजार गावांतले प्रेक्षक पडद्यावर गेरेबना बघत होते, त्या दिवशी त्या स्वतः घराचा उंबरठा ओलांडू शकत नव्हत्या.

दुसरी बाई आना टेर्नोव्स्की. तिचं पहिलं बाळंतपण गेरेबच्या मदतीनं घरी झालं होतं. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं थेट स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. तिची तक्रार साधी होती. हंगेरीत घरी बाळंत होणं हा गुन्हा नाही, पण घरी बाळंतपण करायला जाणाऱ्या मिडवाइफला दंड होऊ शकतो. मग मदतीला येणार कोण? १४ डिसेंबर २०१० ला न्यायालयानं बहुमतानं तिच्या बाजूनं निकाल दिला. खाजगी जीवनाच्या आदराच्या हक्कात, म्हणजे युरोपीय मानवी हक्क करारनाम्याच्या आठव्या कलमात, बाळंतपण कोणत्या परिस्थितीत व्हावं हे निवडण्याचा हक्कही येतो, असं त्या निकालात आहे. चित्रपट हा निकाल ध्वजासारखा उंच धरतो: हंगेरीतल्या एका आईनं जिंकलेला हक्क आता जगातल्या प्रत्येक आईनं मागावा.

ही हाक द्यायची तर थिएटरात आठवडाभर चालणारा चित्रपट उपयोगाचा नाही. लोक एकमेकांशेजारी बसलेले हवेत, आणि दिवे लागल्यावर तिथेच थांबणारे हवेत. म्हणून सामुदायिक प्रदर्शनाची पद्धत निवडली गेली. कुणीही यजमान म्हणून नाव नोंदवावं, चित्रपटाची प्रत आणि दाखवायची परवानगी घ्यावी, जागा, पडदा, प्रोजेक्टर, चहा, सगळं आपलं आपण बघावं. वेगवेगळ्या भाषांतली उपशीर्षकं जमवली गेली. निर्मात्यांनी एकच गोष्ट पक्की धरली, ती म्हणजे तारीख.

तारीख धरण्यात खरी हुशारी होती. तीस माणसांचा एकटा खेळ ही कुठेच बातमी होत नाही. तेच तीस लोक ‘आज जगात हजार ठिकाणी’ या वाक्याचा भाग झाले की स्थानिक वार्ताहरालाही चार ओळी लिहाव्याशा वाटतात. आणि यजमान बाईला, जिनं उसना प्रोजेक्टर आणलाय आणि पंधराच जण आले तर काय या काळजीत आहे, तिला आपण एकट्या नाही असं वाटतं. गणेशोत्सवात एका गल्लीतला मांडव लहान असला तरी त्या दिवसाचं वजन त्याला मिळतं, तसंच हे. या जोडप्याला पद्धत इतकी पटली की २०१४ साली ‘मायक्रोबर्थ’ हा पुढचा माहितीपटही त्यांनी २० सप्टेंबरलाच अशा खेळांतून आणला.

आता शंकेकडे येतो. हजार हा खेळांचा आकडा आहे, पोचलेल्या माणसांच्या जातकुळीचा नाही. सामुदायिक प्रदर्शनात यजमान ज्या गोतावळ्यातला, प्रेक्षक त्याच गोतावळ्यातले. मिडवाइफनं खेळ लावला की तिच्याकडे बाळंत झालेल्या बाया येतात, त्यांच्या मैत्रिणी येतात, दुसरी मिडवाइफ येते, एखादा सहनशील नवरा येतो. त्या खोलीत चित्रपटाशी भांडणारं कुणी नसतं. टाळ्या मिळतात, डोळे पाणावतात, आणि जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख त्या संध्याकाळी आपल्या ओपीडीत असतो. ज्यांचं मत बदलल्याशिवाय काही बदलणार नाही, ते आमंत्रणाच्या यादीतच नसतात. हे मी त्या हजार खेळांच्या हजेरीपटावरून सांगत नाही, पद्धतीच्या बांधणीतच ते आहे. आपल्याकडेही एखाद्या आंदोलनावरचा माहितीपट त्याच आंदोलनाच्या कार्यकर्त्यांना पाच-पाच वेळा दाखवला गेल्याचं कुणी बघितलं नसेल?

अर्थात पटलेल्यांना एकत्र आणण्यालाही मोल आहे. घरी बाळंत व्हायचं ठरवणारी बाई तिच्या घरात, नात्यात, दवाखान्यात बहुधा एकटी असते. शेजारच्या गल्लीतली दुसरी बाई तिला या खेळात भेटली, तर तेवढ्यावरही पुढे एखादा गट उभा राहतो. पण हे संघटन झालं, मतपरिवर्तन नव्हे. यजमानानं आधीच ठरवावं आपल्याला यातलं काय हवंय, कारण दोन्हींसाठी खोली वेगळी भरावी लागते.

इथे चार वर्षं आधीच्या एका अमेरिकन माहितीपटाशी ताडून बघण्यासारखं आहे. ‘द बिझनेस ऑफ बीइंग बॉर्न’ २००७ साली न्यूयॉर्कच्या ट्रायबेका चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि २००८ च्या सुरुवातीला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अ‍ॅबी एपस्टाइन, निर्माती टीव्हीवरची प्रसिद्ध रिकी लेक. तोही गावोगावी छोट्या खेळांतून फिरला, पण त्यानं समोरच्या बाजूला थेट डिवचलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं फेब्रुवारी २००८ मध्ये घरच्या बाळंतपणाविरुद्ध निवेदन काढलं आणि बाळंतपणाचे निर्णय फॅशन बघून घेऊ नयेत असा टोला त्यात हाणला. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनसमोर आलेल्या ठरावाच्या मसुद्यात तर रिकी लेकचा नावानिशी उल्लेख होता. डॉक्टर चिडले, म्हणजे चित्रपट त्यांच्यापर्यंत पोचला!

आणि त्या चित्रपटात एक गोष्ट अशी आहे जी खेळानंतरच्या चर्चेला फार उपयोगी पडते. चित्रीकरण चालू असताना एपस्टाइन स्वतः गरोदर होती. मिडवाइफच्या हाती बाळंत व्हायची इच्छा होती, पण दिवस भरायच्या आत कळा आल्या, बाळ पायाळू होतं, नीट वाढलेलंही नव्हतं. शेवट रुग्णालयात, सिझेरियननं. तिनं हे कापून टाकलं नाही. त्यामुळे खेळ संपल्यावर कुणी डॉक्टर उठून ‘आणि गुंतागुंत झाली तर?’ असं विचारतो, तेव्हा उत्तर पडद्यावर नुकतंच येऊन गेलेलं असतं. ज्या बाईचं स्वतःचं सिझर झालंय तिलाही त्या चित्रपटात बसायला जागा आहे.

‘फ्रीडम फॉर बर्थ’मध्ये ती जागा अरुंद आहे. एका बाजूला साखळ्यांतली बाई, दुसऱ्या बाजूला सरकार. अशा मांडणीत राग पटकन येतो, आणि हाक देणाऱ्या चित्रपटाला राग लागतोच. पण गेरेबवरचे खटले नुसते त्या एका ऑक्टोबरच्या दिवसाचे नव्हते. त्यांच्या देखरेखीखालच्या आधीच्या काही बाळंतपणांत बाळांचे मृत्यू झाले होते, त्यावर निष्काळजीपणाचे आरोप होते आणि न्यायालयानं दोषी ठरवलं होतं. मार्च २०११ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये वरच्या न्यायालयानं ती कायम ठेवली आणि व्यवसायबंदी दहा वर्षांवर नेली. तेच मृत्यू रुग्णालयात झाले असते तर डॉक्टर बेड्यांत दिसला असता का, असं त्यांचे समर्थक विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण प्रेक्षकाला दोन्ही बाजू ठाऊक असतील तरच तो रास्त वाटेल. यजमानानं हे आधी सांगितलं नाही आणि प्रेक्षकांतल्या कुणी मोबाइलवर शोधून काढलं, तर त्या संध्याकाळची चर्चा तिथेच बसते.

मोठी अडचण वेगळीच आहे. चित्रपट २०१२ मध्ये थांबला, प्रकरण थांबलं नाही.

हंगेरीनं २०११ मध्ये सरकारी आदेश काढून घरच्या बाळंतपणाला अटींसह नियमात बसवलं, त्यामुळे टेर्नोव्स्कीचा विजय कागदावर उतरला. मग झेक प्रजासत्ताकातल्या दोन बायांनी, दुब्स्का आणि क्रेय्झोवा यांनी, तोच धागा धरून स्ट्रासबुर्ग गाठलं. तिथेही मिडवाइफना घरी जाऊन बाळंतपण करायला कायद्यानं वाव नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये त्या हरल्या. मोठ्या खंडपीठाकडे गेल्या आणि १५ नोव्हेंबर २०१६ ला पुन्हा हरल्या, १२ विरुद्ध ५ मतांनी. बाळंतपणाची परिस्थिती ही खाजगी जीवनाचा भाग आहे हे न्यायालयानं नाकारलं नाही. पण त्यासाठी घरी मदतीची सोय करायलाच हवी असं बंधन सरकारवर येत नाही, हा विषय युरोपातल्या देशांनी आपापल्या परीनं ठरवावा, असं बहुमताचं म्हणणं पडलं. म्हणजे चित्रपट ज्या निकालाला जगभरच्या आयांचं हत्यार म्हणून पुढे करतो, त्याची धार चार वर्षांत बरीच बोथट झाली.

गेरेबची गोष्टही पुढे गेली. जानेवारी २०१८ मध्ये दुसऱ्या खटल्यात पुन्हा दोन वर्षांची शिक्षा कायम झाली. त्या तुरुंगात जाणार असं दिसत असताना जूनच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष यानोश आदेर यांनी दया दाखवून तुरुंगवास टाळला. व्यवसायबंदी मात्र उठली नाही.

आज हा चित्रपट दाखवणाऱ्या यजमानाच्या हातात म्हणून अर्धीच गोष्ट असते. मोहिमेसाठी केलेल्या चित्रपटांचं हे नेहमीचं दुखणं आहे: तारखेच्या जोरावर ते चालतात, आणि तारीख उलटली की उरलेलं काम यजमानाच्या डोक्यावर येतं. मी असतो तर खेळाआधी दोन मिनिटं घेऊन फक्त २०११, २०१४, २०१६ आणि २०१८ या चार सालांत काय घडलं ते वाचून दाखवलं असतं. खेळानंतर नाही, आधी. प्रेक्षक मग चित्रपटाकडे बातमी म्हणून बघत नाहीत, एका लढाईतला एक टप्पा म्हणून बघतात, आणि प्रश्न बरे विचारतात.

आता खोलीतल्या गोष्टी. बाळंतपणावरच्या चित्रपटाचा प्रेक्षक इतर प्रेक्षकांसारखा नसतो. पर्यावरणावरचा माहितीपट बघताना धरणात गाव बुडालेलं कुणी शेजारी बसलेलं असेलच असं नाही. इथे मात्र खोलीतली जवळपास प्रत्येक बाई आपलं बाळंतपण घेऊन आलेली असते. कुणाचे टाके पिकलेले असतात, कुणाला ‘आता ओरडतेस, तेव्हा कळलं नाही का’ हे ऐकावं लागलेलं असतं, कुणाचं बाळ गेलेलं असतं आणि ते घरातही कुणी बोलत नाही. चित्रपट त्या सगळ्यावर एकदम हात ठेवतो. म्हणून पडद्यावर प्रत्यक्ष जन्माची दृश्यं आहेत, बाळाच्या मृत्यूचा उल्लेख आहे, हे पोस्टरवरच लिहावं. दाराजवळच्या दोन-चार खुर्च्या मोकळ्या ठेवाव्यात, आणि बाहेर एक जाणती बाई बसवावी, जी उठून आलेल्या बाईला पाणी देईल आणि उगाच प्रश्न विचारणार नाही.

चर्चा सुरू करताना मंचावरच्या तज्ज्ञाला आधी बोलू देऊ नये. तज्ज्ञ बोलला की प्रेक्षक विद्यार्थी होतात. उलट पहिली पाच मिनिटं शेजारच्या बाईशीच बोला म्हणावं, मग माइक फिरवावा. पुरुषांचं काय, हा प्रश्न प्रत्येक यजमानाला पडतो. माझं मत स्पष्ट आहे: त्यांना बोलवावं, पण चर्चेचा पहिला भाग बायांचा ठेवावा. आणि गरोदर बाई पुढच्या रांगेत असेल तर कुणीही तिला आपल्या बाळंतपणाची भीषण हकीकत ऐकवणार नाही, हे सूत्रसंचालकानं हसत पण ठामपणे सांभाळावं. आपल्याकडे हे फार होतं.

हे सगळं महाराष्ट्रात करायचं म्हटलं तर चित्रपटाचा प्रश्नच थोडा फिरवून घ्यावा लागतो. हंगेरीत सरकार घरच्या बाळंतपणाला मदत करणाऱ्याला शिक्षा करत होतं. आपल्याकडे घरी बाळंत होणं गुन्हा नाही, पण २००५ पासून जननी सुरक्षा योजनेखाली सरकार बाईला दवाखान्यात यायला पैसे देतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या आकड्यांत, महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं संस्थेत झालेली दिसतात. घरी बाळंतपण म्हटल्यावर इथल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे पाण्याचा टब आणि मेणबत्त्या येत नाहीत. मेळघाट किंवा गडचिरोलीतला पावसाळा येतो, न पोचलेली गाडी येते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं हे काम सगळ्या देशानं पुढे उचललं. तिथे घर हे आवडीनं निवडलेलं ठिकाण नव्हतं, बाळ तिथे जन्मत होतं म्हणून काळजीही तिथे न्यावी लागली. गडचिरोलीच्या प्रेक्षकाला बुडापेस्टच्या बाईचा हट्ट श्रीमंती वाटला तर त्याला दोष देता येणार नाही.

पण चित्रपटातला दुसरा धागा, दवाखान्यात बाईला कोण काय विचारतं हा, इथे पुरता लागू पडतो. त्याच पाहणीत महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियननं झालेलं आहे, २५.४ टक्के. देशभरात खाजगी दवाखान्यांतलं प्रमाण ४७.४ टक्के आहे आणि सरकारी दवाखान्यांतलं १४.३. सरकारी प्रसूतिकक्षातली तक्रार वेगळी: एका खाटेवर दोघी, कळा येत असताना उताणं झोपायची सक्ती, न सांगता घातलेला छेद, बाहेर ताटकळणारी आई किंवा सासू. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या कार्यक्रमात सन्मानानं वागवणं आणि सोबतीला माणूस असू देणं यांचा समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या फेब्रुवारीत दिलेल्या मार्गदर्शनात, दर तासाला एक सेंटिमीटर या वेगानं पिशवीचं तोंड उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब सोडून दिला. घाईला त्या हिशेबाचा आधार मिळायचा. हे कितीजणींना माहीत आहे? खेळानंतरच्या चर्चेत हे बोलायला हवं.

आणि मिडवाइफ. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रानं देशात मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्या सिस्टरला १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन, सर्वसाधारण, जोखीम नसलेलं बाळंतपण तिच्या हाती द्यायचं अशी कल्पना. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. म्हणजे हंगेरीत जी बाई बेड्यांत होती, तिच्यासारखं काम करणारी बाई इथे सरकार स्वतः घडवू बघतंय, तेही रुग्णालयाच्या आत. आपल्या खेळाचं खरं निमंत्रण तिथे द्यायला हवं: एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) प्रशिक्षण केंद्रात, नर्सिंग कॉलेजात, जिल्हा रुग्णालयाच्या सभागृहात. ड्युटीवरून सुटलेल्या दहा सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर त्या खोलीत आले, तर शहरातल्या कॅफेत भरलेल्या शंभर पटलेल्या जोडप्यांपेक्षा मला तो खेळ मोठा वाटेल.

सिस्टरांसमोर दाखवताना एक खबरदारी. त्या कक्षातली शिवीगाळ, घाई, कमी माणसं, सगळं त्यांनीही भोगलेलं असतं, दुसऱ्या बाजूनं. चित्रपट त्यांना खलनायक करत गेला तर त्या ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबर असेल. चर्चेचा पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा: रात्रीच्या पाळीत एका वेळी किती बाळंतपणं येतात आणि तुम्ही किती जणी असता? तिथून सुरुवात केली की सोबतीला सासूला आत घेण्याचा मुद्दाही त्या स्वतःच काढतात, कारण एक जास्तीचा हात त्यांनाही हवाच असतो.

शेवटी कागदपत्रं, कारण खेळ तिथेच अडतात. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि परदेशी छोट्या माहितीपटांकडे ते बहुधा नसतं. हॉल भाड्यानं घेऊन तिकीट लावण्याआधी हे तपासावं. नोंदणीकृत फिल्म सोसायटीचे सभासदांपुरते खेळ वेगळ्या सवलतीत बसतात. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्था १९६८ पासून असं काम करत आल्या आहेत, तेव्हा आपल्या शहरातल्या सोसायटीशी हातमिळवणी करणं सोपं. निर्मात्याची परवानगी वेगळी, ती लेखी घ्यावी. चित्रपट इंटरनेटवर फुकट दिसतो याचा अर्थ तो सभागृहात दाखवता येतो असा होत नाही. आणि मराठीचं काय? उपशीर्षकं वाचत बसणं सगळ्यांना जमणार नाही. त्यासाठीही निर्मात्याला विचारून, चित्रपट जागोजागी थांबवून कुणी चांगल्या आवाजाच्या बाईनं मराठीत सांगत जाणं हा जुना, बिनखर्चाचा मार्ग आहे. तासाभराच्या चित्रपटाला दीड तास लागतो, आणि चर्चेला अर्धा तास तरी हवा. हॉल त्या हिशेबानं, मांडामांड-आवराआवर धरून अडीच तासांसाठी घ्यावा. संध्याकाळी सातचा खेळ असेल तर सिस्टरांच्या पाळ्या आधी विचारून घ्याव्यात.